संशय की आजार? : संशयग्रस्त छिन्नमनस्कतेची ओळख

स्किझोफ्रेनिया या आजाराला मराठीत छिन्नमनस्कता असे नाव रूढ झाले आहे. नाव योग्यच आहे, परंतु त्याने घोटाळाही पुष्कळ केला आहे. छिन्न म्हणजे तुटलेले. तेव्हा मनाचे दोन तुकडे झाले, एकाच माणसात दोन माणसे राहू लागली, दिवसा एक आणि रात्री दुसरा, अशी अनेकांची समजूत होते. चित्रपटांनी ती पक्की करून टाकली आहे. वस्तुतः एका व्यक्तीत अनेक व्यक्तिमत्त्वे दिसणे हा अगदी वेगळा आणि विरळ विकार होय. स्वित्झर्लंडचे मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ साली बर्लिन येथील व्याख्यानात स्किझोफ्रेनिया हा शब्द प्रथम योजला, तेव्हा विचार, भावना आणि कृती यांना एकत्र ओवणारा धागा तुटतो, एवढेच त्यांना सांगायचे होते. घरात मयत झाली असताना मुलगा कोपऱ्यात बसून हसतो आणि आपण त्याला निर्दय म्हणतो. तो निर्दय नसतो. त्याचा तो धागा तुटलेला असतो.

ब्लॉयलर यांच्या आधी जर्मनीचे एमिल क्रेपेलिन यांनी या आजाराला ‘अकाली बुद्धिनाश’ अशा अर्थाचे नाव दिले होते. तरुणपणी सुरू होणारा आणि बुद्धी हळूहळू नष्ट करणारा आजार, असे त्यांचे मत होते. त्यांनी त्याचे तीन प्रकार मानले. पहिल्यात वागणे-बोलणे विस्कळीत होते. दुसऱ्यात रोगी पुतळ्यासारखा ताठरतो, तासन्तास एकाच स्थितीत राहतो. तिसऱ्यात संशय प्रबळ असतो, त्यास संशयग्रस्त म्हणजे पॅरानॉइड प्रकार म्हणतात. प्रस्तुत लेखात आम्ही तिसऱ्या प्रकाराचा विचार करणार आहोत, कारण तो सर्वांत अधिक आढळतो आणि सर्वांत उशिरा ओळखला जातो. ताठरलेला माणूस पाहून घरचे लोक त्याच दिवशी धावपळ करतात. संशयग्रस्त रोगी मात्र नीट कपडे घालतो, व्यवस्थित बोलतो, हिशेब चुकत नाही. त्यामुळे वर्ष वर्ष जाते आणि घरात कोणाला आजाराची शंकाही येत नाही.

येथे एक खुलासा करणे आवश्यक आहे. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली आपल्या निदानपुस्तिकेतून हे प्रकार काढून टाकले आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या अकराव्या वर्गीकरणातही ते नाहीत. एकच रोगी आज एका प्रकारात तर चार वर्षांनी दुसऱ्या प्रकारात दिसतो, म्हणून ही विभागणी टिकली नाही. तथापि जुन्या कागदपत्रांवर आणि बोलण्यात पॅरानॉइड हा शब्द अजून येतो, आणि ज्या घरात तो आला आहे त्या घराला त्याचा अर्थ कळला पाहिजे.

आम्ही काही डॉक्टर नव्हेत. कला शाखेचे पदवीधर आणि बँकेतील कारकून आहोत. परंतु संशय या विषयाचा आमचा अनुभव थोडाथोडका नाही. बँकेच्या काउंटरवर दिवसभर संशयच समोर उभा असतो. पेन्शन घेणारे आजोबा नोटा तीनदा मोजतात. एखाद्या मावशी पासबुक भरून घेतल्यावर विचारतात, “साहेब, माझे दोनशे रुपये कुठे कापले?” आपण त्यांना नोंद दाखवतो, खात्यात किमान शिल्लक नव्हती म्हणून आकार लागला हे समजावतो. त्या कुरकुरतात, पण समजतात. हा संशय निरोगी आहे; कष्टाचा पैसा असलेल्या माणसाजवळ तो असायलाच हवा. पुरावा दाखविला की तो फिटतो.

आता दुसरे उदाहरण पाहा. काही वर्षांपूर्वी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा एक पदवीधर तरुण आमच्याकडे येऊ लागला. आपल्या खात्यातील रक्कम कोणीतरी पाहते आणि वस्तीत सांगते, असे त्याचे म्हणणे होते. आम्ही त्याला संपूर्ण उतारा काढून दिला. दुसऱ्या आठवड्यात तो तोच उतारा घेऊन आला. व्याजाच्या आकड्यांखाली त्याने लाल शाईने रेघा मारल्या होत्या. “साहेब, हा आकडा माझ्या जन्मतारखेवरून टाकला आहे. तुम्हाला हे टाकायला कोणी सांगितले?” व्याज कसे काढतात ते त्याला कागदावर करून दाखविले. तो शांतपणे म्हणाला, “इतके तपशीलवार समजावताय, म्हणजे तयारी आधीच केलेली दिसते.” तिसऱ्या खेपेस त्याने खातेच बंद केले.

साधा संशय आणि आजार यांतील फरक या उदाहरणात दिसतो. पुरावा पाहून जो संशय फिटतो तो साधा. पुरावा पाहून जो वाढतो, तो भ्रम. भ्रमाला प्रत्येक पुरावा खाद्य म्हणून चालतो. विरोधातला तर अधिकच. म्हणून भ्रम झालेल्या माणसाशी वाद घालून कोणी जिंकल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

या प्रकारातील भ्रम साधारणपणे काही ठरावीक वाटांनी जातात. कोणीतरी पाठलाग करीत आहे, जेवणात विष घातले आहे, शेजारी कट करीत आहेत, पत्नीचे दुसऱ्याशी संबंध आहेत. दूरदर्शनवरील निवेदक आपल्यालाच उद्देशून बोलतो, रस्त्यावर खोकणाऱ्या माणसाने आपल्यालाच खूण केली. कधी भ्रम मोठेपणाचा असतो: आपल्यावर एक गुप्त कामगिरी सोपवलेली आहे आणि म्हणूनच शत्रू मागे लागले आहेत. मोठेपणा आणि छळ हे दोन्ही भ्रम पुष्कळदा जोडीने राहतात. ज्याच्यामागे सारे जग लागले आहे तो सामान्य माणूस कसा असेल, असा त्यामागचा हिशेब असावा.

दुसरे मुख्य लक्षण म्हणजे भास, आणि त्यातही आवाजांचे भास. हे आवाज रोग्याला कल्पनेत नव्हे, कानाने ऐकू येतात. जर्मनीचे कुर्ट श्नायडर यांनी १९३९ साली या आवाजांची काही वैशिष्ट्ये नोंदविली, ती आजही डॉक्टर विचारात घेतात. दोन माणसे रोग्याविषयी आपसात बोलत असतात: “बघ, हा उठला. आता चप्पल घालतोय. बाहेर जायची हिंमत आहे का त्याची?” काही रोग्यांना आपले विचार मोठ्याने ऐकू येतात, काहींना ते दुसऱ्याने डोक्यात घातले किंवा काढून नेले असे वाटते. आवाज ऐकू येत असताना मेंदूची चित्रे घेतली असता, बोलण्याशी संबंधित भाग जागृत असल्याचे दिसून आले आहे. म्हणजे मेंदू स्वतःच बोलतो आणि ते बोलणे आपले आहे ही ओळख हरवून बसतो. मुलगा भिंतीकडे तोंड करून उत्तरे देतो तेव्हा त्याच्या दृष्टीने तेथे खरोखरच कोणी प्रश्न विचारलेला असतो.

भ्रम आणि भास ही आरडाओरडा करणारी लक्षणे झाली. मुकी लक्षणेही असतात. बोलणे कमी होते, चेहऱ्यावर भाव उमटत नाहीत, आंघोळ नको, मित्र नकोत. संशयग्रस्त प्रकारात ही कमी असली तरी असतातच, आणि घरात त्यांनाच सर्वांत जास्त शिव्या बसतात. “आळशी झालाय, फुकट खायची सवय लागली आहे.” विद्यार्थ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे, कारण पुरुषांत हा आजार बहुधा विशीच्या आसपास आणि स्त्रियांत त्याहून काही वर्षांनी उशिरा सुरू होतो. वसतिगृहातील सोबती आईवडिलांच्या आधी पाहतो. चांगला शिकणारा मुलगा अचानक वर्गात येईनासा झाला, रात्र रात्र जागू लागला, खिडक्यांना कागद चिकटवू लागला, मेसचे जेवण सोडून फक्त स्वतःच्या हाताने सोललेली केळी खाऊ लागला, तर त्याची थट्टा करू नये आणि घरी कळविण्यास उशीरही करू नये.

बुद्धिमान माणसाला असे होतेच कसे, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर अमेरिकेचे गणितज्ञ जॉन नॅश यांच्या चरित्रात मिळते. १९२८ साली जन्मलेल्या नॅश यांनी १९५० साली प्रिन्स्टन विद्यापीठाला जो प्रबंध सादर केला, त्याचा उपयोग पुढे अर्थशास्त्रात सर्वत्र झाला. १९५९ साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, ‘न्यूयॉर्क टाइम्स’ या वृत्तपत्रात परग्रहावरून आपल्यासाठी सांकेतिक निरोप छापले जातात, असे ते सहकाऱ्यांना सांगू लागले. लाल टाय घातलेली माणसे त्यांना कटातील वाटू लागली. शिकागो विद्यापीठाने देऊ केलेले प्राध्यापकपद, आपण अंटार्क्टिकाचे सम्राट होणार आहोत असे कारण देऊन त्यांनी नाकारले. त्यांची पत्नी अलिशिया त्या वेळी गरोदर होती. तिने मोठ्या धैर्याने त्यांना रुग्णालयात दाखल करविले आणि तेथे पॅरानॉइड स्किझोफ्रेनियाचे निदान झाले.

बऱ्याच वर्षांनी नॅश यांना कोणी विचारले की, तर्काला वाहिलेला आपल्यासारखा गणितज्ञ परग्रहावरच्या निरोपांवर विश्वास कसा ठेवू शकला? त्यांच्या उत्तराचा आशय असा होता की, गणितातल्या कल्पना ज्या रीतीने सुचत त्याच रीतीने याही सुचल्या, म्हणून त्यांवर विश्वास ठेवला. आम्हाला हे उत्तर फार मोलाचे वाटते. खरे-खोटे तोलण्याचा तराजू ज्या मेंदूत असतो त्याच मेंदूला आजार झालेला असतो. मग रोग्याने कोणत्या तराजूने तोलावे? आपण आजारी आहोत हे न कळणे हा रोग्याचा हट्ट नसून ते या आजाराचेच एक लक्षण आहे. पाय मोडलेल्याला आपण “आधी चालून दाखव, मग प्लॅस्टर घालू” असे म्हणत नाही. येथे मात्र “आधी कबूल कर, मग डॉक्टरकडे जाऊ” असे सर्रास म्हटले जाते.

नॅश यांचा आजार सुमारे तीन दशके राहिला. पतिपत्नींचा १९६३ साली घटस्फोट झाला, तरी १९७० साली अलिशियाने त्यांना पुन्हा आपल्या घरात आसरा दिला. प्रिन्स्टनच्या आवारात ते फळ्यांवर अगम्य आकडे लिहीत हिंडत आणि विद्यापीठाने त्यांना हिंडू दिले. हळूहळू ते सावरले. १९९४ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक दोन अन्य शास्त्रज्ञांसह विभागून मिळाले, २००१ साली दोघांनी पुन्हा विवाह केला आणि २३ मे २०१५ रोजी मोटार अपघातात दोघांचाही एकत्रच अंत झाला. त्यांच्या जीवनावरील चित्रपटात त्यांना काल्पनिक माणसे दिसतात. प्रत्यक्षात त्यांना आवाज येत, माणसे दिसत नसत. नॅश १९७० नंतर औषधांवाचून सावरले हे खरे आहे. परंतु ते उदाहरण दाखवून कोणी घरच्या रोग्याची गोळी बंद करू नये. तशी वाट सापडणारे थोडे, आणि नॅश यांचेही आयुष्यातील ऐन उमेदीचे दिवस त्यात गेलेच.

हा आजार का होतो? अनुवंशाचा वाटा मोठा आहे. सर्वसाधारण माणसाला आयुष्यात तो होण्याची शक्यता शंभरात एकाच्या जवळपास असते, आई किंवा वडिलांपैकी एकाला असेल तर शंभरात दहाच्या सुमारास. मात्र एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला झाला तरी दुसऱ्याला निम्म्याहून अधिक वेळा होत नाही, म्हणजे अनुवंश हे सर्वस्व नव्हे. जन्माच्या वेळची गुंतागुंत आणि पौगंडावस्थेतील गांजाचे व्यसन यांनी धोका वाढतो. मेंदूतील डोपामिन या द्रव्याच्या कार्यात बिघाड होतो, हे औषधांच्या परिणामावरून लक्षात आले. एके काळी पाश्चात्त्य देशांत आईच्या वागण्यामुळे हा आजार होतो असे काही तज्ज्ञ सांगत. कित्येक मातांना त्या दोषाखाली रडविल्यानंतर ते मत सोडून देण्यात आले. आपल्याकडे दोष करणीला किंवा बाहेरच्या बाधेला दिला जातो.

वर ज्या तरुणाची हकिकत सांगितली त्याच्या घरीही हेच झाले. पुढे त्याच्या वडिलांकडून कळले की, दीड वर्ष ते मुलाला घेऊन देवऋषी आणि भगतांकडे फिरले. फंडातून काढलेली रक्कम त्यात गेली. एका ठिकाणी मुलाला मिरचीची धुरी देण्यात आली. त्यानंतर आपल्याविरुद्ध कट आहे याबद्दल मुलाची उरलीसुरली शंकाही गेली असल्यास नवल नाही! महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून अमलात आहे. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे, बांधून ठेवणे, धुरी देणे हा त्याखाली गुन्हा आहे. तामिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत २५ हून अधिक मनोरुग्ण जळून मेले, कारण ते साखळ्यांनी बांधलेले होते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रोग्याला साखळदंड घालण्यास सरळ मनाई केली आहे. आजार सुरू झाल्यापासून उपचार सुरू होईपर्यंतचा काळ जितका लांबतो तितका पुढचा सुधार अवघड होतो. दीड वर्षाची किंमत केवळ फंडाच्या रकमेत मोजता येत नाही, ती ही अशी.

औषधांचा इतिहास फार जुना नाही. कोलकात्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली सर्पगंधा या आपल्याकडील वनस्पतीचा उन्मादावरील उपयोग वैद्यकीय नियतकालिकात मांडला होता. खरी क्रांती मात्र १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन या औषधाने घडली. नंतर हॅलोपेरिडॉल, क्लोझापिन, रिस्पेरिडोन, ओलांझापिन अशी औषधे आली. त्यांतील बरीचशी आज आपल्याकडे स्वस्त दरात मिळतात. गोळीने झोप दोन-चार दिवसांत सुधारते, पण भ्रम सैल व्हायला आठवडे लागतात. पंधरा दिवसांत गुण नाही म्हणून डॉक्टर बदलणारे लोक येथेच चुकतात. काही औषधांनी हातपाय कडक होतात किंवा थरथरतात, काहींनी वजन आणि साखर वाढते. हे डॉक्टरांना सांगावे, मात्रा अथवा औषध बदलता येते. क्लोझापिन घेणाऱ्याने रक्ताची तपासणी सांगितलेल्या तारखेस चुकवू नये. जो गोळी जिभेखाली लपवतो त्याच्यासाठी दोन आठवड्यांनी किंवा महिन्याने घ्यावयाची इंजेक्शनेही आहेत. बरे वाटू लागले की गोळी बंद करणे हे आजार उलटण्याचे सर्वांत मोठे कारण आहे.

घरात बोलावे कसे? भ्रमाशी वाद घालू नये आणि त्याला होकारही देऊ नये. “कोण विष घालेल रे, वेडा आहेस का?” असे म्हणण्याने काही साधत नाही. “हो, शेजारी आहेतच तसले” हे तर अधिक वाईट. “तुला भीती वाटते आहे हे मला दिसते. मला ते आवाज ऐकू येत नाहीत, पण तुला झोप लागत नाही, त्यासाठी आपण डॉक्टरांकडे जाऊ” हे बोलणे खरे आहे, आणि रोग्याला पटण्याची शक्यताही त्यातच आहे. झोप, डोकेदुखी, भूक या तक्रारी त्यालाही मान्य असतात; त्या दाराने आत जावे. सतत टोचून बोलणाऱ्या घरांत आजार लवकर उलटतो, असे लंडन येथील जॉर्ज ब्राउन यांच्या अभ्यासात आढळले. पुढे तसाच अभ्यास चंडीगडला झाला, त्याचे निष्कर्ष १९८७ साली प्रसिद्ध झाले. तेथील कुटुंबांत असे टोचणे लंडनपेक्षा कमी आढळले आणि त्यांचे रोगीही अधिक चांगले राहिले. एकत्र कुटुंबाचे गोडवे गाण्याची आम्हाला हौस नाही, त्यातील जाचही आम्ही पाहिला आहे. पण शेतावर, दुकानात, घरकामात रोग्याला झेपेल असे काहीतरी काम देऊन सामावून घेण्याची आपली रीत औषधाइतकीच उपयोगी पडते, हे मान्य करावे लागते.

अशा रोग्यांची भीती बाळगली जाते, तीही बहुतांशी अनाठायी आहे. त्यांच्यातील बहुसंख्य लोक कोणावर हात उगारत नाहीत. उलट त्यांनाच इतरांकडून मार खावा लागतो. खरा धोका त्यांना स्वतःपासून असतो. शंभरातले सुमारे पाच रोगी आत्महत्या करतात, आणि त्यातील अनेकजण आजाराच्या पहिल्या काही वर्षांत. थोडे बरे वाटून आपले काय गेले हे उमगते, तो काळ विशेष जपण्याचा. “आता जगून काय करू” हे शब्द ऐकू आले तर कीटकनाशके घरातून हलवावीत, रोग्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

सरकारी उपचारासाठी येरवडा, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. पण आरंभीच्या रोग्यास तेथे ठेवण्याची गरज सहसा पडत नाही, जिल्हा रुग्णालयातील मानसिक आजारांच्या बाह्यरुग्ण विभागातही तपासणी होते. १४४१६ हा केंद्र सरकारचा टेलिमानस दूरध्वनी ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून तो रात्रीही उचलला जातो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये मानसिक आजाराचा समावेश आहे. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक असल्याचे प्रमाणपत्र मिळाल्यास सरकारी नोकरीतील राखीव जागांसाठीही अर्ज करता येतो. रोगाचे नाव लागेल या लाजेने पुष्कळ पालक हे प्रमाणपत्र काढत नाहीत.

आणखी एक सोय आमच्या व्यवसायाच्या जवळची आहे म्हणून सांगतो. बँक खात्याला जसे आपण नामनिर्देशन करतो, तसे २०१७ च्या कायद्याने कोणाही सज्ञान व्यक्तीला, आपण मानसिक आजाराने निर्णय घेण्यास असमर्थ झालो तर उपचाराच्या बाबतीत आपल्या वतीने कोणी बोलावे, हे आधीच ठरवून ठेवता येते. रोगी बरा असतानाच्या दिवसांत त्याच्याशी बोलून हे करून घ्यावे. ज्याचे नाव घालायचे त्याची संमती लेखी घ्यावी. पुढे मन बदलले तर नाव रद्दही करता येते. त्यासाठी मुद्रांक लागत नाही. साधा कागद आणि त्यावर रोग्याची सही किंवा अंगठा पुरतो.